अंबाजीचं 'आऊट ऑफ द ब्लू'

आमच्या दिघीच्या अंबाजी तांडेलाला इंग्रजी येत होतं ते एवढंच, 'आऊट ऑफ द ब्लू'. तरुणपणी गोऱ्या कप्तानाच्या बोटीवर खलाशी होता, तिथून उचललेलं. ध्यानीमनी नसताना काही घडलं की हा लगेच म्हणणार. जावई न कळवता आला, आऊट ऑफ द ब्लू. शेळीला तीन करडं झाली, आऊट ऑफ द ब्लू. माझं डोकं उठायचं. "मराठीत बोल की मेल्या," मी म्हणायची, आणि तो मिशीत हसायचा.

पण दिघीहून खाडीपलीकडे आगरदांड्याला होडी नेण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. त्याचा एक नेम मात्र कडक. होडीत बसलं की बुडण्याचं, पाणी शिरण्याचं नाव काढायचं नाही. एकदा एका बाईनं ते काढलं, तर माणसं ताडकन उठली आणि होडी कलंडता कलंडता वाचली होती.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. माझी धाकटी जाऊ गोदू पहिलटकरीण, ती अडली. सोनाबाई सुईण म्हणाली, "खाडीपल्याड मुरुडच्या दवाखान्यात न्या, न्हायतर दोघंबी जातील." होडीच्या तळाला गोधडी घालून गोदूला निजवलं. बाजाराची माणसं आधीच दाटीवाटीनं बसलेली. अंबाजीनं शीड उभारलं.

खाडीच्या मधोमध गोदू कण्हली, "वैनी, खाली ओलं झालं."

"पाणमोट फुटली," सोनाबाई म्हणाली. "अंबाजी, दामट लवकर."

त्यानं शीड ताणलं. होडी एका अंगावर झुकून पळायला लागली. मी गोधडीखाली हात घातला तर पाणी गारेगार. अंगातलं पाणी असं गार असतं होय? चाचपलं, तर दोन फळ्यांच्या सांध्यातून धार येत होती. ओरडले तर सगळे उठणार, होडी उलटणार, आणि ही पोर उठूही शकत नव्हती.

जमेल तितक्या शांतपणे मी म्हणाले, "अंबाजी, आऊट ऑफ द ब्लू."

लोक हसले. "आवडाबाई पन सायेब झाली," बाजाराला निघालेला सदू म्हणाला.

अंबाजी हसला नाही. माझा हात कुठे आहे ते त्यानं बघितलं, शीड हळूच सैल सोडून होडी सरळ केली आणि डोक्याचं मुंडासं माझ्याकडे फेकलं. "गोदूच्या कमरेखाली नीट कोंब." मग सदूला डबा दिला. "बायांची लुगडी भिजतायत, उपस जरा." मी मुंडासं सांध्यात कोंबून वर गुडघा दाबून बसले. आगरदांड्याचा धक्का येईपर्यंत मी तो उचलला नाही. कुणाला काही कळलं नाही.

संध्याकाळी मुरुडला गोदूला मुलगा झाला. दोघं सुखरूप. अंबाजी दवाखान्याच्या दारात आला, पण आत येईना.

"घे की पोराला," मी म्हणाले.

"नको वैनी. सांध्यात कापूस भरायचा व्हता. आज करू, उद्या करू म्हणत ऱ्हायलो. ह्याच हातांनी मारला असता त्याला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुचतील तेवढ्या शिव्या दिल्या त्याला, तिथेच, नर्सबाईसमोर. मग मी पोर त्याच्या हातांवर ठेवलं. त्याला ते पेलवेना, खालून मला माझे हात धरावे लागले.