पासिंगच्या आदल्या दिवशी

२०२४ साल होतं आणि मला एकाहत्तरावं लागलं होतं. मे महिना. माझ्या गाडीला पंधरा वर्षं पुरी होत होती, म्हणजे आरटीओत नेऊन तिचं पुन्हा पासिंग करून घ्यावं लागणार होतं. पासिंग झालं तर आणखी पाच वर्षं. नाही झालं तर भंगार.

पण आमच्या घरात याच्याही पुढची एक गोष्ट ठरून गेली होती. होळीनंतर मी एका नव्या उड्डाणपुलाच्या कामाजवळ गाडी पत्र्याच्या आडोशाला घासली. कोणाला लागलं नाही. पण मुलानं दरवाजे पाहिले आणि आठ दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मग एका रविवारी म्हणाला, "बाबा, लायसन द्या माह्याजवळ."

"तुह्या जन्माच्या आधीपासून चालवून राहिलो मी."

"म्हणूनच म्हणतो ना."

हे दोन-तीन रविवार चाललं. शेवटी शर्त मीच लावली, हे कबूल केलं पाहिजे. गाडी पास झाली तर गाडीही चालेल आणि मीही चालवीन, पाच वर्षं कोणी तोंड उघडायचं नाही. नाही झाली तर गाडी जाईल आणि लायसन मी माझ्या हातानं तुझ्या हातात देईन. मुलाला वाटलं असेल, एवढी जुनी गाडी कुठली पास होते. मला वाटलं, माझ्या हातची गाडी न होऊन जाते कुठे.

मी चाळीस वर्षं ट्रक चालवले. लकडगंजातून लाकूड भरायचं आणि रायपूर, जबलपूर, जिथं सांगतील तिथं उतरवायचं. ते सगळे ट्रक दुसऱ्यांचे होते. कागदावर मालक म्हणून माझं नाव असलेली ही एकच गाडी, ती छोटी पेट्रोलची कार. शाळा माझी चौथीत सुटली. इंग्रजी मला नंबर प्लेटपुरतं येतं, तेवढं पुरलं.

आरटीओच्या एजंटानं सांगितलं होतं की साहेब बोनेट उघडून चेसिसचा नंबर पाहतात. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि कागदावर नंबर उमटवून घेतात. नंबर साफ पाहिजे. पासिंगच्या आदल्या दिवशी सकाळी मी बोनेट उघडलं, तर नंबर कुठं आहे तेच दिसेना. पंधरा वर्षांचं तेल आणि धूळ मिळून वर काळा थर बसला होता. मी नळाला पाइप लावायला गेलो. बायको चहा घेऊन बाहेर आली.

"एवढ्याशा नंबरासाठी पाइप कायले पाहिजे? जुना दाताचा ब्रश देते, तेलात बुडवून तेवढंच घासा."

"पाहुणे पाहाले येतात तं पोरीचं नुसतं नाक धुऊन बसवते का वं?"

"पोरीच्या कानात पाइपही नाही घालत कोणी."

मी चहा तिथंच ठेवला. इंजिन धुण्याची माझी एक रीत होती आणि ती मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आधी इंजिन गरम करायचं म्हणजे ग्रीस सुटतं. मग ब्रशानं डिझेल चोपडायचं, वर साबणाची पावडर, आणि मग पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून जोराची धार. ट्रकचं इंजिन मी असं शेकडो वेळा धुतलं. डिझेलच्या इंजिनात प्लग नसतो, ठिणगी नसते. जुन्या ट्रकमध्ये कंप्युटरही नव्हता. धुतलं, चावी फिरवून सेल मारला, चाललं. हे मला ठाऊक होतं. माझी गाडी पेट्रोलची आहे हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, पण त्या सकाळी त्यांची एकमेकींशी गाठ पडली नाही.

इंजिन असं निघालं की त्यात तोंड दिसावं. नंबर मी एकेक अक्षर बोट ठेवून वाचला आणि आरसी बुकाशी मिळवून पाहिला. बरोबर होता. मग आत बसून चावी फिरवली.

इंजिन फिरलं, पण पकडलं नाही. नुसतं खर्र खर्र.

मी घाबरलो नाही. म्हटलं, ओलं आहे, वाळेल. मे महिन्यातलं ऊन, दहा वाजताच पत्र्याला हात लागत नव्हता. बोनेट उघडं ठेवून मी सावलीत बसलो. अर्ध्या तासानं सेल मारला. खर्र खर्र. पुन्हा बसलो. पुन्हा मारला.

"चालली का?" बायकोनं आतून विचारलं.

"वाळून राहिली."

बारा वाजता मी पाने काढले. चार प्लगांवरच्या, त्यांना ठिणगी देणाऱ्या चार कॉइल उपसल्या आणि पाहतो तर खालचे खड्डे भरलेले. प्लग खोल विहिरीत बसल्यासारखे, आणि विहिरीत पाणी. ऊन वरच्यावर तापवत होतं, तिथवर पोचतच नव्हतं. पेचकसाला चिंधी गुंडाळून मी एकेक खड्डा टिपला. सायकलच्या पंपानं हवा मारली. प्लग काढून पुसले, गॅसवर शेकले. बायको म्हणाली, "त्याच गॅसवर भाजी मांडाची आहे मले." कॉइल बसवल्या, सेल मारला, आणि गाडी चालू झाली.

एक मिनिट चालली असेल. पण चार पायांचं जनावर तीन पायांवर उभं केल्यासारखी थरथरत होती. मी ॲक्सिलेटर धरून ठेवला. म्हटलं आता तापली की चौथा सिलिंडरही लागेल. तेवढ्यात समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, गाडीनं एक हिसका दिला आणि बंद पडली.

त्यानंतर मी काय केलं ते सांगताना आजही बरं वाटत नाही. मी सेल मारत राहिलो. एकदा चालली म्हणजे पुन्हा चालेल, हे धरून बसलो. मारायचो, थांबायचो, मारायचो. कितीदा ते मोजलं नाही. एकदा बोनेटकडून जळका वास आला, बटणाचा बोर्ड जळतो तसा. मला तो वास कळला. तरी मी आणखी एकदा चावी फिरवली. मग तो पिवळा दिवाही लागेना.

दुपारी तीनला मला न विचारता बायकोनं फोन केला. एकेकाळी माझ्या ट्रकवर क्लीनर होता, त्याला. तो आता पन्नाशी ओलांडलेला माणूस, कारचं गॅरेज चालवतो, गाडीला मशीन लावून बिघाड सांगतो. मी त्याला 'मोबाइलवाला मिस्त्री' म्हणायचो, त्याच्या तोंडावर. तो आला, माझ्या पाया पडला आणि इंजिन पाहून उभाच राहिला.

"उस्ताद, पाइप मारला?"

"मग काय फुकून साफ करू?"

त्यानं स्टिअरिंगखाली मशीन जोडलं. बटणं दाबली, पुन्हा काढून जोडलं. "बोलून नाही राहिलं," म्हणाला.

"कोण?"

"कंप्युटर."

मग तो पुढं गेला. बॅटरीच्या बाजूला ॲल्युमिनियमचा एक चपटा डबा असतो, तोच कंप्युटर, त्याची मोठी पिन त्यानं ओढून काढली. आतून चार थेंब पाणी पडलं. आत बारीक बारीक तारांची रांग होती, त्यातल्या तीन काळ्या.

"सेल कितीदा मारला?"

"दोन-तीनदा."

बायको दारातच होती. "दोन-तीनदा! शेजारीण विचारून गेली मले, मिक्सर बिघडला का म्हणून."

तो हसला नाही. ती पिन हातात धरून पुसत राहिला. "पाणी गेलं तोवर काही बिघडलं नव्हतं, उस्ताद. बॅटरीची वायर काढून दोन दिवस ठेवली असती तं..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

"मीच शिकवलं होतं ना तुले इंजिन धुवाले?"

"हाव ना. डिझल होतं ते."

तो हसला असता तर मी त्याला हाकलून दिलं असतं. तो हळू बोलला, आजाऱ्याच्या खाटेजवळ बोलतात तसं, त्यामुळे मला काहीच करता आलं नाही. त्यानं सगळं खरं सांगितलं. नवा कंप्युटर घ्यायचा तर गाडीच्या किमतीच्या वर जातो. जुना शोधायचा तर भंगारात मिळेलही, पण तो या गाडीची चावी ओळखेल याची खात्री नाही, आणि उद्यापर्यंत तर नाहीच नाही. "तुमाले खोटं सांगून कुठं जाऊ," म्हणाला.

साडेसहाला मुलगा ऑफिसातून आला. त्यानं बूट काढायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. त्याला बाहेरून कळायला नको होतं. तो अंगणात गेला, बोनेटमध्ये वाकून पाहून आला.

"चमकून तं लय राहिलं, बाबा."

मग तो म्हणाला, "उद्याची तारीख पुढं ढकलू. मोबाइलवरच होते ते. महिनाभरात गाडी उभी करून घेऊ."

मला वाटलं होतं, तो जिंकल्यासारखा बोलेल. त्यासाठी माझ्याजवळ उत्तर तयार होतं. पण आईच्या साखरेचा रिपोर्ट सांगतो त्या आवाजात तो बोलला. तो आवाज मला सहन झाला नाही.

"शर्त काय होती?"

"सोडा ना बाबा. मी विसरलो ते."

"मी नाही विसरलो."

"अवो, पोरगा देऊन राहिला तं घ्या ना!" बायको म्हणाली. "कोनाले दाखवाचं आहे हे?"

मी खिशातून लायसन काढलं आणि टेबलावर त्याच्या ऑफिसच्या डब्याशेजारी ठेवलं. तो लायसनकडं पाहीना. हात धुऊन आला, टीव्ही लावला, बंद केला. बायकोनं ताटं आणली तेव्हा टेबलावर जागा करायला ते उचलावं लागलं. ती ताट धरून उभी राहिली, मी बसून राहिलो, आणि शेवटी त्यानं ते उचलून शर्टाच्या खिशात टाकलं. जेवताना बायकोनं मला दोनदा वाढलं, मी दोनदाही नको म्हणालो नाही.

त्या संध्याकाळी मी हो म्हणालो असतो तर आज कदाचित गाडी चालत असती, कदाचित नसती. तारीख मिळत होती, मुलगा देत होता, मागणारा कोणीच नव्हता. इंजिनात पाणी मी घातलं, वास येऊनही चावी मी फिरवली, आणि जे उरलं होतं तेही मीच टेबलावर ठेवलं. मला दुसरं काही करता आलं असतं का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. आलं असतं. मी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझा जुना क्लीनर जीप आणि जाड रस्सी घेऊन आला. गाडी टोचन करून, म्हणजे जीपला बांधून ओढत, त्याच्या गॅरेजच्या मागं नेऊन ठेवायची आणि तिथून भंगारवाले उचलणार, असं ठरलं. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर माणूस लागतोच. इंजिन बंद असलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक दगडासारखा लागतो. मुलाला याची सवय नव्हती.

"बसा बाबा तुम्ही," तो म्हणाला. "दोन किलोमीटर तं आहे."

"लायसन कोनाजवळ आहे?"

मी फिरून डाव्या बाजूला गेलो, आत बसलो आणि पट्टा शोधू लागलो. पंधरा वर्षांत त्या बाजूला मी कधी बसलो नव्हतो. मुलगा स्टिअरिंगवर बसला. जीप निघाली, रस्सी ताणली, गाडी हलली.

"रस्सी ढिली पडू देऊ नको," मी म्हणालो. "जीपकडं पाहू नको, रस्सीकडं पाह्य. ब्रेक दोन्ही पायानं दाब."

पहिल्याच वळणावर जीप थांबली आणि त्यानं उशिरा ब्रेक मारला. आमची गाडी जीपच्या मागं वीतभर अंतरावर जाऊन उभी राहिली. त्याला घाम फुटला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"इकडं काय पाहून राहिला," मी म्हणालो. "पुढं पाह्य."