पदराची गाठ

ओल्या वाळ्याचा वास आला की माझा हात आजही पदराच्या टोकाकडे जातो. त्या काळी उन्हाळा लागला की सरकार नागपूर सोडून पचमढीच्या गारव्याला जायचं, आणि सरकारच्या फायली घेऊन कारकून असलेले आमचे यजमानही. मागे मी, सहा वर्षांची मुलगी आणि नुकता रांगायला लागलेला मुलगा. त्याचे दात येत होते, तीन आठवडे त्यानं मला धड झोपू दिलं नव्हतं. अंगणातल्या विहिरीला कठडा नव्हता, म्हणून दुपारी मी पदराचं टोक त्याच्या पायाला बांधून आडवी होत असे. त्या दुपारी दारातल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं, गाठ बांधली आणि मेल्यासारखी झोपले. जाग आली तेव्हा ताटी कोरडी ठणठणीत, आणि पदराचं टोक खाटेच्या खुराला बांधलेलं. तापल्या अंगणातून अनवाणी धावत मी विहिरीत डोकावले. पाणी हलत नव्हतं, तरी बघतच राहिले. तेवढ्यात मागच्या कोठीतून कुजबुज आली, "चूप रे, माय झोपून राहिली." घामानं निथळत मुलगी त्याला मांडीवर घेऊन बसली होती, तळहात त्याच्या तोंडावर. मी त्याला हिसकावलं आणि तिच्या गालावर एक ठेवून दिली. "गाठ काहून सोडली वं?" "तुले झोप आली होती ना," ती म्हणाली, आणि रडू फुटताच तिनं तोच हात स्वतःच्या तोंडावर दाबला. आता उन्हाळ्यात ती आपली लेकरं घेऊन माहेरी येते, त्यांना पलीकडच्या खोलीत नेते आणि म्हणते, "झोप वं माय." मी डोळे मिटून पडते, आणि पलीकडून आवाज येतो का, ते ऐकत राहते.