सत्कार होईपर्यंत

मानवतमध्ये सत्कार व्हायचा तर निवडून यावं लागतं, निवृत्त व्हावं लागतं, नाहीतर मुलगा मोठा साहेब तरी व्हावा लागतो. मला गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमधून बरी झाल्याबद्दल शाल मिळाली. शाळेतून निवृत्त होतानाची एक घरात होतीच.

किरणोपचार आणि केमो संपल्यावर तीनेक महिने थांबून डॉक्टरांनी संभाजीनगरला पेट स्कॅन करायला लावला. उपाशी जायचं, शिरेतून किरणोत्सर्गी साखर टोचून घ्यायची आणि तासभर न बोलता पडून राहायचं. जन्मभर वर्गात विज्ञान शिकवलेल्या बाईला न बोलणंच जड गेलं. कॅन्सरच्या पेशी हावरटासारखी साखर ओढतात आणि जिथे ती जास्त साचते ती जागा चित्रात उजळते, असं डॉक्टरांनी सांगितलं. नुसत्या आकारावरून उरलेली गाठ मेलेली आहे की अजून खातेय हे कळत नाही. त्याचा अंदाज या चित्रावरून येतो. आमचे हे माझ्यापेक्षा लक्ष देऊन ऐकत होते. मला कौतुक वाटलं.

रिपोर्ट आणायला हे एकटेच गेले. "तू कशाला दगदग करायलीस?" म्हणाले. संध्याकाळी परत आले ते चप्पल काढता काढताच म्हणाले, "सगळं साफ आहे." मी विश्वास ठेवला. हा माणूस भाजीवालीशीसुद्धा खोटं बोलत नाही.

महिला मंडळाने उपचार संपल्यावरच सत्कार ठरवून पत्रिका वाटल्या होत्या; तो आता आठवड्यावर आला होता. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर माझ्या फोटोपेक्षा अध्यक्षीणबाईंचा मोठा होता, त्यामुळे आजारी कोण होतं याबद्दल लोकांचा थोडा गोंधळ झाला. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात "पोटाच्या दुर्धर आजारावर मात" असं म्हटलं. सभ्यतेखातर माझा कॅन्सर त्यांनी वीतभर वर सरकवला. टाळ्या पडल्या.

मग अध्यक्षीणबाईंनी माझ्या तोंडापुढे पेढा धरला आणि शेजारच्या खुर्चीवरून ह्यांचा हात आला. पेढा काढून घेत हे म्हणाले, "नको, तिला गोड नको."

"भाऊजी, आज तरी खाऊ द्या की. एका पेढ्याला कशाला आडवायलाव?" मागून कुणीतरी म्हणालं. हॉल हसला.

मला मधुमेह नाही. रिपोर्ट आल्यापासून घरात चहा हेच करत होते आणि तो फिका असायचा. पुरुषाच्या हातचा चहा म्हणून मी काही बोलले नव्हते. आता कळलं, हे गाठ उपाशी मारायला निघाले होते. शरीर भाकरीचीही साखर करतं, हे मी सातवीच्या पोरांना शिकवत आले. घरात शिकवायचं राहिलं.

परतताना रिक्षात मी आणि धाकटी जाऊ मागे होतो, हे पुढे चालकाजवळ.

"कुठे उजळलंय?" मी विचारलं.

ह्यांनी मागे पाहिलं नाही. समोर बघतच म्हणाले, "मुखाशी काही नाही. वर, मणक्याजवळ एक गाठ आहे. सुईनं तपासू म्हणाले."

"कधी?"

"लगेच."

"मग?"

"पत्रिका वाटून झाल्या होत्या गं. म्हटलं, सत्कार होऊन जाऊ दे."

जाऊ मध्ये पडली. "आक्का, तुमच्या भल्यासाठीच केलं की समद्यांनी."

"समद्यांनी म्हणजे?"

ती गडबडली. "म्हंजे... आमी घरचे. आन् अध्यक्षीणबाई. त्याच म्हणल्या, हॉल ठरलाय, आता कशाला बाईच्या जिवाला घोर."

म्हणजे पेढा धरणारीलाही ठाऊक होतं. त्या मंचावर मी बरी झाले आहे असं खरोखर मानणारी बहुधा मी एकटीच होते. गाठ मात्र या सगळ्या दिवसांत कुणाच्या पत्रिकेसाठी थांबली नसणार.

घरी आल्या आल्या मी दवाखान्यात फोन लावला.

"पेशंटचे नातेवाईक का?" पलीकडून बाईंनी विचारलं.

"नाही, पेशंट."

"घरचं कुणी असेल तर त्यांना फोन द्या ना."

"घरच्यांना सगळं माहीत आहे," मी म्हटलं. "आता मला सांगा."

परवाची वेळ मिळाली. "मी येतो," हे म्हणाले. मी या म्हटलं. डॉक्टरांच्या दाराशी हे सवयीने माझ्या पुढे झाले. मी त्यांच्या हातातली फाईल घेतली, त्यांना बाकावर बसायला सांगितलं आणि आत गेल्यावर दार लावून घेतलं.