मेकॅनिकच्या खिशाचं बटण

जपानातल्या शिझुओकात माझं ओदेनचं, म्हणजे रश्श्यात शिजवून काडीला टोचलेल्या मुळ्या-अंड्यांचं, छोटं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की दोन म्हातारे बाकावर ठरलेले, वाराशिना आणि मोतेगी. वाराशिना पुट्टीतून करंगळीएवढे सैनिक कोरायचा; कुणी रणगाड्यातून डोकं काढणारा, कुणी विमानाच्या पंखावर ओणवा झालेला. मोतेगी त्यांचे रबरी साचे करून त्यांत राळ ओतून विक्रीच्या प्रती काढायचा. खोक्यावरच्या फोटोसाठी पहिला नमुना रंगवायची नात्सुमे. वाराशिनानेच तिला हातात ब्रश धरायला शिकवलं होतं.

त्या वसंतात वाराशिनाने एक बाहुला आणून माझ्या मोहरीच्या चटणीच्या वाटीशेजारी ठेवला.

"हा माझा रणगाडेवाला. माझा अजून विक्रीला निघालेला नाही, आणि ही नक्कल भलत्याच नावाने बाजारात!"

"सारखा दिसत असेल," मी म्हटलं.

"कानशिलावरचा ओरखडासुद्धा सारखा? माझी सुरी घसरली होती तिथे."

विक्रीआधी बाहुला मोतेगी आणि नात्सुमे या दोघांच्याच हाती जायचा. त्या दिवसापासून वाराशिनाची नजर बदलली. मोतेगी नवा कोट घालून आला तर म्हणाला, "बरंच चाललंय तुझं."

"बायकोनं घेतला. का, तुला जळतंय का रे?" मोतेगी हसला. वाराशिना हसला नाही. मीही काही कमी नव्हते. नात्सुमेची नवी सायकल दिसली आणि माझ्या मनात नको ते आलंच.

पुढचा बाहुला विमानाचा मेकॅनिक होता. वाराशिनाने घरीच त्याची एक प्रत ओतून नात्सुमेला दिली. मग मूळ बाहुल्याच्या खिशावरचं बटण खरवडून तो मोतेगीकडे पाठवला. चोरीचा माल बिनबटणाचा निघाला तर मोतेगी, बटणासकट निघाला तर नात्सुमे. हे त्याने मला सांगितलं आणि कुणाला बोलू नकोस म्हणून बजावलं.

मे महिन्याच्या बाहुल्यांच्या प्रदर्शनात मेकॅनिकची नक्कल सापडली. बटण जागेवर होतं.

नात्सुमे माझ्याकडे मुळा खात बसली होती. वाराशिना तिच्यासमोर उभा राहिला. "कुणाला विकलास?"

"काय विकलं, सर?"

"सोंग करू नकोस. उद्यापासून येऊ नकोस माझ्याकडे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्यात पळी ढवळत राहिले. काडीवरचा अर्धा मुळा तसाच टाकून ती निघून गेली.

त्यानंतर काही दिवसांनी मोतेगी सहज म्हणाला, "अरे, तुझे डोळे गेले की काय? त्या मेकॅनिकच्या खिशाला बटणच नव्हतं. मी पुट्टीचा ठिपका लावून टाकला. तुला लाज वाटेल म्हणून बोललो नाही."

वाराशिनाने पेला खाली ठेवला. "मग माल तुझ्याकडून बाहेर गेला."

"माझ्याकडून?" मोतेगी आठवू लागला. "ओतताना बुडबुडे येऊन वाया गेलेले तुकडे एक माणूस न्यायचा. पोरांना रंगवायला शिकवतो म्हणाला. मी पिशवी भरून द्यायचो. त्यांवरूनच त्याने साचे केले असणार." मग त्याचा चेहरा उतरला. "थांब. ते बटण पडलं नव्हतं. तू काढलं होतंस."

वाराशिना पैसे ठेवून उठला.

संध्याकाळी तो नात्सुमेच्या दारात गेला. तिने दार अर्धंच उघडलं. त्याने कमरेत वाकून माफी मागितली.

"शंका आली तेव्हा विचारायचं होतंत, सर," ती म्हणाली. "मी खरं सांगितलं असतं." आणि दार लावून घेतलं. आता ती दुसऱ्या कारखान्यासाठी रंगवते. खोक्यांवर तिचं नाव छापतात.

मोतेगीने तुकडे देणं बंद केलं. खराब माल स्वतः हातोड्याने फोडतो. ओतकाम मात्र सोडलं नाही. पण पुढच्या बाहुल्यापासून तो काम संपलं की साचा फडक्यात बांधून आणतो आणि बाकावर ठेवतो.

"हा तुझ्या घरी ठेव."

वाराशिना एकदाही नको म्हणालेला नाही.