नवरदेवांचा गॉगल

गोंदिया नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यांचं दुखणं सांगितलं. घराण्यातून आलेलं, आजोबांनाही होतं. डोळ्याच्या पडद्यावरच्या उजेड टिपणाऱ्या पेशी कडेकडून मरत चालल्या होत्या. औषध नाही. उरल्यासुरल्या जपायच्या तर काळ्या गॉगलशिवाय उन्हात जायचं नाही, एवढंच हातात. बाबांनी एकच विचारलं, पोरीचं लग्न दिसेल का? डॉक्टर म्हणाले, जपा, मग बघू.

गॉगल आला, चांगला कानशिलापर्यंत झाकणारा, आणि आमच्या अख्ख्या दवनीवाडा गावातल्या नवरदेवांच्या डोळ्यांत भरला. आमच्याकडे नवरदेवाला गॉगल लागतोच, आणि नवरदेवाला कोणी नाही म्हणत नाही. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात बाबांचे डोळे वाचवणारी वस्तू वरातीत नाचायची आणि बाबा दार लावून अंधारात तिची वाट बघायचे. एकदा तो कोहमाऱ्याला गेला, तो नवरीच्या भावाच्या नाकावरच मुक्कामाला राहिला. मीच जाऊन ओढून आणला. माझं डोकंच फिरायचं. बाबा म्हणायचे, जाऊ दे, लेकराची हौस आहे.

मग माझं लग्न ठरलं. या वेळी गॉगल कोणाला द्यायचा नाही, मी घरात बजावून ठेवलं. मंडपात येऊन बघते, तर गॉगल माझ्याच नवऱ्याच्या डोळ्यांवर! आणि बाबा भर दुपारी उघड्या डोळ्यांनी उभे, गालावरून पाणी वाहतंय. बुद्धवंदना सुरू होती म्हणून, नाहीतर मी तिथंच भांडले असते.

पाया पडताना दातओठ खात विचारलं, काऊन दिला?

"काळ्या काचेतून तुही पांढरी साडी काळी दिसते," बाबा म्हणाले. "जराशी मांगं सरक माय, पुरी दिसून नाही राहिली."

त्यांना तोवर पेल्याच्या तोंडाएवढंच दिसायचं. मी सरकले. ते हातानं अजून मागे, अजून मागे करत राहिले. आत्या कुजबुजली, बाप आतापासूनच हाकलून राहिला का? मी उलट्या पावलांनी पंगत ओलांडली, आचाऱ्याच्या कढया ओलांडल्या. वाढपी वरणाची बादली घेऊन बघतच राहिला. शेवटी रस्त्यापलीकडे शेताच्या धुऱ्यावर जाऊन उभी राहिले, तेव्हा बाबांनी हात खाली घेतला आणि हसले.

मी त्यांच्या नजरेत अख्खी मावले होते. धावत जाऊन गळ्यात पडावंसं वाटत होतं. पण हलले नाही. जवळ गेले असते तर पुन्हा अर्धीमुर्धीच दिसले असते.