पंख्याचा खटका

आमच्या ह्यांना एका जागी बसवत नाही. फौज सुटून किती वर्षं झाली, सांगलीला विश्रामबागेत घर झालं, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायची दुसरी नोकरीही संपली, तरी सकाळी चहाचा कप घेऊन हे फाटकापर्यंत जातात, परत येतात, पुन्हा जातात. कप रिकामा झाला की गाडीचं बोनेट उघडतात. आमचा थोरला फौजेतून रिटायर होऊन यायचा ठरला आणि ह्यांची येरझार दुप्पट झाली. खरं सांगायचं तर माझीही.

गाव आमचं साताऱ्याजवळ. घरटी एक तरी फौजी. आता कुणी नोकरी पुरी करून आला की गाव त्याची मिरवणूक काढतं. फाट्यापासून देवळापर्यंत हलगी, डीजे, दारोदारी ओवाळणं. गेल्या खेपेला तर पोरांनी जेसीबीच्या बकेटातून फुलं ओतली होती, निम्मी गटारात गेली. आणि जवान उभा उघड्या जीपमध्ये, फेटा बांधून.

ह्यांच्या वेळी असलं काही नव्हतं. हे एस्टीनं आले. टपावरून काळी ट्रंक उतरवली, डोक्यावर घेतली आणि चालत निघाले. वेशीजवळ ह्यांच्या चुलत काकी राहतात, त्या दारात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "किती दिवस सुट्टी रं?" कायमचा आलो, हे ट्रंक डोक्यावर घेऊन कसं सांगणार! हे म्हणाले, "हाय म्हैनाभर." आणि घरी येऊन मला हे सांगताना हसले. मी हसले नाही. त्या हसण्यानं मला अजून कसंतरी होतं.

म्हणून ह्यांच्या मनात एकच होतं. पोराला गावातून न्यायचं ते ह्यांच्याच गाडीतून, आणि चाकावर हे. एवढंच. ह्यापेक्षा जास्त ह्या माणसानं आयुष्यात काही मागितलं असेल तर मला तरी आठवत नाही.

गाडी म्हणजे जुनी, पांढरी, स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा असलेली. रस्त्यावर आता दिसत नाही तसली. लोक थांबून फोटो काढतात आणि हे तेवढ्यावरच खूश. पण तिला एक रोग. रस्ता मोकळा असला की सुतासारखी सरळ चालते, गर्दीत हळू चालवली की उकळते. मूळचा पंखा इंजिनावरच फिरायचा, तो बाद झाला. मग ह्यांनी भंगारातून नव्या गाडीचा विजेवरचा पंखा आणून रेडिएटरपुढं बसवला. त्याला खटका लावला तो आपल्या घरातल्या ट्यूबलाइटचा! डॅशबोर्डखाली, माझ्या उजव्या हाताशी. इंजिन तापल्याचा काटा चढला की मी खटका दाबायचा, उतरला की बंद करायचा. सांगली ते सातारा मी कधी खिडकीबाहेर बघितलंच नाही. टोलच्या रांगेत लोक शेंगदाणे खातात, मी काटा बघत बसते.

पोराला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आण्णा, पोरांनी जीप ठरवलीया. आन् तुमच्या गाडीत आत बसलो तर मी दिसणार कसा?"

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि फाटकाकडं गेले.

मी म्हटलं, "टपावर कॅरिअर हाय. त्यावर गादी टाकू, बस वर. गणपतीसारखा दिसशील सगळ्यांना."

"आई, आगं उकळली तर? पोरं व्हिडिओ काढत्यात. जलमभर चिडवतील."

"न्हाई उकळत."

"कशावरनं?"

कशावरून, ते मला तरी कुठं माहीत होतं! पण फाटकाशी पाठ करून उभा राहिलेला माणूस बघून माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, "मी सांगतीया म्हणून. जीप रद्द कर." पोरगा मग म्हणाला, "बरं. पर उकळली तर मी उतरून जीपमधी बसणार. आण्णांनी मग राग धरायचा न्हाई." त्यानं जीप रद्द केली नाहीच, मागून येऊ द्यायची ठरवली. मी ते ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "रास्त हाय." आणि बोनेट उघडलं.

मेकॅनिकचं म्हणणं एकच, "काका, पंखा डायरेक्ट करून टाकतो. चावी फिरवली की चालू. टेन्शनच न्हाई." पण जुन्या गाडीचा डायनामो, इंजिन हळू चालत असलं की बॅटरी भरतच नाही. माणसाच्या चालीनं गाडी चालवायची आणि पंखा सारखा फिरता ठेवायचा म्हणजे बॅटरी देवळाच्या आधीच बसणार. ह्यांना पाहिजे होता थर्मो स्विच. पाणी तापलं की आपोआप पंखा लावणारा, निवलं की बंद करणारा. तसला साताऱ्यात एका जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात सापडला. सुपारीएवढं पितळ आणि मागं दोन पिना. हे रुमालात गुंडाळून घेऊन आले. परतीच्या एस्टीत चारदा रुमाल उघडून बघितला असणार, मी ओळखते ना.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेले तर माझ्या चहाच्या पातेल्यात तो स्विच दोऱ्यानं लोंबकळत सोडलेला, वायरी बाहेर, एक बारका बल्ब, आणि माझ्या ओट्यावर गाडीची बॅटरी!

"आवं, ह्या ओट्यावर मी भाकरी थापते!"

"जरा थांब गं. बल्ब लागला पायजे."

"न्हाई लागला तर?"

"तर स्विच बाद."

मग मीही भांडायचं विसरले. दोघं पातेल्यात बघत उभे. पाणी आवाज करायला लागलं. तळाशी बारीक बुडबुडे धरले. बल्ब नाही. बुडबुडे वर यायला लागले. तरी नाही. ह्यांच्या कपाळावर घाम, एका पायावरून दुसऱ्या पायावर. "दमा की जरा," मी म्हटलं, "अजून आधण आलेलं न्हाई." आणि पाणी उसळायच्या अगदी तोंडावर तो बल्ब लागला. हे ओरडले, "लागला!" शेजारच्या वहिनी खिडकीतून बघायला लागल्या. गॅस बंद केला, पाणी निवत आलं, बल्ब विझला. झालं ना? नाही! पुन्हा गॅस, पुन्हा आधण. सिलिंडर निम्मा संपवला असेल त्या दिवशी. ते पातेलं मी नंतर चहाला वापरलं नाही.

मग रेडिएटर उतरवून वरच्या टाकीला पितळी तोंड झाळून घेतलं, त्यात स्विच आवळला. गळतंय का बघायला खाली पेपर पसरले. हे दर थोड्या वेळानं जाऊन पेपर चाचपून यायचे. वायरिंग करताना त्यांनी माझा खटका काढून टाकला.

"ह्यो कशाला काढला? असू दे की जोडीला."

"दोन मालक झाले की गोंधळ होतो. तुझी सुटका झाली समज."

सुटका! इतकी वर्षं ज्याच्यावर बोट ठेवून बसले ते गेलं, तिथं नुसतं भोक राहिलं. मला रागच आला. आणि भीतीही वाटली, कारण त्या खटक्यावर माझा विश्वास होता, ह्या सुपारीवर नव्हता.

पोरगा सकाळच्या गाडीनं सातारा स्टेशनला उतरला. आम्ही आदल्या दिवशीच गावात येऊन बसलो होतो. मला झोप नाही, ह्यांना नाही. फाट्यावर गाडी सजवली, टपावर गादी बांधली, पोराला फेटा बांधून वर चढवलं. वर बसलेला पोरगा मला फार देखणा दिसला, डोळे भरून आले माझे. बायका म्हणाल्या, चला आमच्यात, आरतीचं ताट धरा. पण हे म्हणाले, "तू पुढं बस. काटा बघ." मग ताट जावेच्या हातात दिलं आणि बसले.

ह्यांनी जुनी फौजी टोपी घातली होती. गाडी चालू केली आणि दिवसाढवळ्या हेडलाइट लावले.

"आवं, लाइटी कशाला? बॅटरी खाईल."

"मिरवणूक हाय," हे म्हणाले. पुढं बोलायची सोय नव्हती.

निघालो. पुढं डीजे, मग हलगीवाले, मग नाचणारी पोरं, मग आम्ही, आणि मागून ती मेली रिकामी जीप. मुंगीच्या पायांनी चाललो होतो. काटा चढायला लागला. मी पूर्वी जिथं खटका दाबायची त्याच्यावर गेला. माझी बोटं आपोआप त्या भोकात. आत नुसती हवा. काटा अजून वर. आवाजात पंखा ऐकू येईना.

"लागला का गं?"

"न्हाई अजून."

"लागला का?"

"दमा की! आधण येऊ द्या!"

आणि काटा थरथरला. थांबला. मग हळूच खाली उतरायला लागला. मी ह्यांच्या मांडीवर चापट मारली, सगळ्या गावादेखत. ह्यांची मान अशी ताठ झाली की टोपी छताला लागली. पुन्हा काटा चढला, पुन्हा पंखा लागला, पुन्हा उतरला. गाडी उकळली नाही. मी मागं वळून त्या जीपकडं बघून घेतलं.

पण कडक ऊन, चढाची गल्ली. पंखा लागायचा तो बंद व्हायचं नावच घेईना, आणि वर ते हेडलाइट. शाळेसमोरच्या गतिरोधकावर ह्यांचा क्लचवरचा पाय थकून सटकला. इंजिन बंद पडलं. ह्यांनी चावी फिरवली. नुसतं टक. पुन्हा टक.

सांगितलं होतं ना लाइटी नको! तोंडावर आलं होतं, पण ह्यांचा चेहरा बघून गिळलं. जीपवाल्यानं मागून हॉर्न दिला. पोरगा टपावरून उडी मारून खाली आला, खिडकीशी वाकला, बापाचं तोंड बघितलं. मला वाटलं, आता हा जीपकडं जाणार. ठरलंच होतं तसं.

तो गाडीच्या मागं गेला. फेटा, हार सगळं अंगावर तसंच, आणि डिकीला हात लावून ओरडला, "आरं, बघताय काय? धक्का मारा!" आली पोरं, गावातले रिटायर झालेले फौजी आले, हलगीवाल्यानं हलगी पाठीवर टाकली. गाडी हलली. चांगली पळायला लागली.

मागून पोरगा ओरडतोय, "आण्णा, दुसरा टाका! क्लच सोडा!"

ढकलून गाडी चालू करणं ह्यांना काय नवीन? दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की धूर टाकत चालू झाली असती. मी बघितलं. गिअरचा दांडा न्यूट्रलला होता. हात त्यावर होता, पण हलत नव्हता.

"आण्णा, गिअर!"

हे समोर बघत होते. ऐकू आलं नाही असं नाही. मला तर डीजेच्या वर ऐकू आलं. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मग मीही गप्प बसले. दारादारातून बायका फुलं टाकत होत्या, ती टपावर पडून काचेवरून खाली येत होती, काही खिडकीतून ह्यांच्या मांडीवर.

वेशीजवळ काकी दारात उभ्या होत्या. आता त्यांना फार कमी दिसतं. त्यांनी हात करून गाडी थांबवली. सुनेनं धरलेलं ताट घेऊन त्या थरथरत खिडकीशी आल्या, आत टोपी घातलेला माणूस दिसला, त्यालाच कुंकू लावलं, ओवाळलं. मी सांगणार होते, काकी, पोरगा मागं आहे म्हणून. पण त्यांनी ह्यांच्या गालावरून हात फिरवला आणि ओळखलं.

"तू व्हय रं! किती दिवस सुट्टी?"

मागं पोरगा घामानं निथळत उभा, डिकीवर हात तसाच.

"सुट्टी न्हाई, काकी," हे म्हणाले. "कायमचा आलोय."