आत्यानं आवळलेलं इंजिन

लग्न तोंडावर आलं आणि आमच्या मोटारीचं इंजिन पाणी प्यायला लागलं. गंगाखेडहून आसपासच्या गावांना जाणारी ही सर्विस मोटार मी आणि माझा भागीदार मिळून चालवायचो. तो ड्रायव्हर, मी मिस्त्री. इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, म्हणजे हेडखालचं पॅकिंग जळालं होतं. जर्मनची लढाई नुकतीच संपलेली, सुट्या भागांची मारामार. नवं पॅकिंग हैदराबादेहून रेल्वेनं यायचं होतं.

मला मोटारीची फार फिकीर नव्हती. नवरी राणीसावरगावची, बैलगाडीतून गेलो असतो तरी लग्न लागलंच असतं. मला डाचत होती ती आत्या. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. ती ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतली होती, आणि लग्नाचा सगळा कारभार ज्यांच्या हाती होता त्या माझ्या मामांनी ठरवून टाकलं होतं की तिनं वऱ्हाडात यायचं नाही, घर राखायला मागे थांबायचं. आत्यानंही मुकाट्यानं मान हलवली. माझं टाळकं सरकलं होतं, पण मामांची कापसाची आडत, गावात वट. त्यांच्यापुढे तोंड उघडायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

पॅकिंग आलं ते नेमकं मला हळद लागल्यावर. हळद लागलेल्या नवरदेवानं कामाला हात लावायचा नाही, पाटावर गुमान बसून राहायचं. समोर इंजिन उघडं पडलेलं आणि मी पिवळाधमक होऊन त्याच्याकडे बघतोय, असा तो देखावा.

हेड बसवताना नट किती आवळायचे, यातच सगळी गोम असते. ढिले राहिले तर पाणी आत शिरतं, जास्त आवळले तर नट ज्यावर फिरतो तो स्टड तुटतो, नाहीतर हेड वाकतं. किती जोर लावला ते आकड्यात दाखवणारा पाना असतो असं आम्ही ऐकून होतो. आमच्या तालुक्यात तो कुणी पाहिला नव्हता. आमचं माप तळहातात. आणि माझे तळहात त्या दिवशी कामाचे नव्हते.

भागीदार गाडी हाकण्यात वस्ताद, पण हातात पाना आला की त्याच्या अंगात यायचं. मागच्या खेपेला त्यानं एक स्टड मुळातून मोडला होता आणि तो काढता काढता आमची बोलाचाली बंद झाली होती. म्हणून मामाच धोतर खोचून पुढे झाले. त्यांनी पाना नटाला लावला आणि त्याच्यावर सरळ पाय ठेवला.

"मामा, पाय काढा. इंजिन हाय ते, कापसाचा गठ्ठा न्हाई," मी पाटावरून म्हणालो.

"मग कोण आवळणार? तुझा सासरा?"

अंगणाच्या कडेला आत्या पाहुण्यांसाठी बाजा आवळत बसली होती. सैल पडलेली सुंभाची दोरी ती थोडी थोडी ओढत जायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आत्या, हीबी एक बाज आवळून दे."

ती उठून आली, इंजिनात डोकावली. "कसं आवळायचं?"

"मधल्या नटापासून बाहेर जायचं. एकदम न्हाई, फेरं घेत घेत."

"एका अंगानं वढली की बाज वाकडी व्हती. ते मला शिकवायलायस व्हय?"

तिनं फेरे घेतले. पाना अडला की क्षणभर थांबायची, हाताला काय वाटतं ते बघायची आणि पुढच्या नटाकडे जायची. शेवटच्या फेऱ्याला म्हणाली, "आता दोरी बोलायलीय. आनखी वढली तर तुटंल." मी म्हणालो, बास.

इंजिन सुरू केलं. पाण्याचा थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघताना मी मामांना सांगितलं की इंजिन तापलं की पॅकिंग दबतं, मग वाटेत नट परत आवळावे लागतात. यात थाप काही नव्हती, कुठलाही मिस्त्री हेच सांगेल. पण सांगताना मला जे सुख झालं ते मिस्त्रीचं नव्हतं.

"मग ह्याला आवळू दे," मामांनी भागीदाराकडे बोट केलं.

भागीदार मोठ्या मनाचा निघाला. "माझ्यानं स्टड मोडतो, मामा," तो म्हणाला.

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "बसव तिला," शेवटी म्हणाले. "मागं."

अर्ध्या वाटेत एका लिंबाखाली मोटार थांबवली. आत्या उतरली, पदर खोचला आणि नटांना भिडली. इंजिनाची धग लय होती. एकदा तिचा हात चटकला, पण तिनं पाना सोडला नाही. मामांनी ते पाहिलं. खांद्यावरचं कोरं उपरणं काढून त्यांनी तिच्या हाताला गुंडाळलं आणि फेरे संपेपर्यंत शेजारीच उभे राहिले.

राणीसावरगावात सगळे मांडवात शिरले, आत्या मोटारीपाशीच राहिली. इंजिन गार होऊ दे, म्हणाली. मी बोहल्यावर उभा राहिलो. नवरदेवाच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं. मंगलाष्टकं सुरू झाली तरी माझ्या पाठीशी कुणी नव्हतं. मग मागून, मोटारीकडून आत्याला घेऊन आलेल्या मामांचा दमलेला आवाज आला, "हिकडं ये, पुढं. लेकरू तुझं हाय," आणि बायकांत थोडी कुजबुज झाली.

अक्षता पडल्या. माझ्या खांद्यावर पिवळ्या तांदळांत मूठभर दाणे तेलानं काळे झालेले होते. मी ते झटकले नाहीत.